हरकती : निरंक

कोपरखैरण्याहून बोनकोड्याला जाताना वाटेत नाल्यावर एक मोरी होती. मोरी म्हणजे लहानसा पूल, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जाणार नाहीत एवढा. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचा कठडा होता. तो कठडा पाडायचा ठराव ज्या सभेत झाला त्या सभेत मी बसले होते, आणि त्या सभेचं इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. एकदोनदा सांगायला गेले तर समोरचा म्हणाला, एवढंच ना? एवढंच होतं, हे खरंच आहे.

माझे वडील धान्य बाजारात पाठीवर पोती वाहायचे. आम्ही साताऱ्याकडचे. कोपरखैरण्याच्या एका खोलीत पाच जण राहायचो. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. सकाळी वाशीला कॉलेज, आणि दुपारी पालिकेच्या बांधकाम समितीच्या कार्यालयात रोजंदारीवर लिहायचं काम. पालिका नवी होती, माणसं कमी होती, आणि टाइपरायटर एकच होता, त्याचीही एक कळ अडकायची. त्यामुळे सुवाच्य अक्षराची मुलगी त्यांना चालून गेली. आवक नोंदवही माझ्याकडे होती. आलेल्या अर्जावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, वहीत एक ओळ लिहायची. दर पंधरवड्याला समितीची सभा व्हायची. तिची विषयपत्रिका लिहायची आणि सभेत मागच्या खुर्चीवर बसून टिपण घ्यायचं.

सभा म्हणजे काहीतरी मोठं असणार असं मला आधी वाटायचं. प्रत्यक्षात एक लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि बशीत बिस्किटं. गटारांना ढापे बसवणे, मंजूर. स्मशानातल्या शेडचे फुटके पत्रे बदलणे, मंजूर. शौचालयाच्या दारांना कड्या, मंजूर. गतिरोधकावर मात्र वाद व्हायचा. एक सदस्य एकदा म्हणाले, "आमच्याकडं आता बास करा. स्कूटरवरून बायको उतरते आणि म्हणते, तुमी या मागून, मी चालत जाते." सगळे हसले आणि गतिरोधक पुढच्या सभेवर गेला.

मला तिथले शब्द फार आवडायचे. सदरहू, उपरोक्त, यथोचित. 'निरंक', म्हणजे काहीच नाही, हा तर मला इतका आवडला की घरी आईनं विचारलं, भाकरी उरलीय का गं, तेव्हा मी टोपली बघून म्हणाले, "निरंक." आईला काही कळलं नाही. वडील मात्र दुसऱ्या दिवशी हमालांच्या टोळीत सांगून आले की आमची पोरगी आता सरकारी बोलते.

ती मोरी माझ्या कॉलेजच्या वाटेवर लागायची. तिथे सकाळी एक मावशी भेटायची. बोनकोड्याची, पन्नाशी उलटलेली, नऊवारी घट्ट नेसलेली. खाडीवरून चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, निवट्या हे चिखलातले मासे, कधी कोळंबी असं पाटीत भरून ती आमच्या वस्तीत विकायला यायची. तिच्या घरी तिच्याबरोबर चालणारं कुणी नव्हतं. नवरा वारलेला, मुलगा उरणला गोदामात कामाला आणि राहायलाही तिकडेच. भरलेली पाटी डोक्यावरून एकटीनं खाली ठेवता येत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. वाकलं की पाटी कलते. दुसरं कुणीतरी धरायला लागतं. मावशीला लागायचं नाही, कारण मोरीचा कठडा बरोबर तिच्या छातीपर्यंत यायचा. ती कठड्याला चिकटून उभी राहायची, गुडघे थोडे वाकवायची आणि पाटी डोक्यावरून सरळ दगडावर सरकवायची. आवाजसुद्धा व्हायचा नाही. मग घाम पुसायचा, पाणी प्यायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दोन वाटे विकायचे. निघताना चुंबळ डोक्यावर ठेवून ती पाटीखाली शिरायची आणि उभी राहायची. झालं. कुणाला हाक मारायची गरज नाही.

एका सकाळी तिनं मला थांबवलं. "काय गो पोरी, कालेजान चाललीस का कचेरीन?"

"कॉलेजला. मावशी, ही मोरी आता रुंद होणार. नोटीस लागलीय आमच्या ऑफिसात. छान लोखंडी रेलिंग बसणार."

हे मी अशा आवाजात सांगितलं की जणू मीच ते बसवणार होते.

"आन कठडा?"

"कठडा जाणार. जुना झालाय ना."

तिनं दगडावर हात मारला. "यो जुना? मंग मी पाटी कशावर ठेवू? तुजे डोक्यावर?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मी म्हणाले, हरकत घेता येते, पंधरा दिवसांच्या आत अर्ज द्यायचा असतो. तिनं माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. "मंग लिव. मी सांगतंय."

मी वहीचं पान कठड्यावर ठेवून लिहिलं. ती जशी बोलली तसंच, शब्दाला शब्द. 'मी रोज डोक्यावरून पाटी आनतंय. मी एकटी हाय. पाटी मी या कठड्यावर उतरतंय, तो माजे छातीला लागतो. लोखंडाचे पायपावर पाटी ऱ्हात नाय. मोरी रुंद करा, माजी ना नाय. पन एका बाजूचा कठडा तरी ठेवा. चार हात पुरे.' खाली अंगठा. शाईचं पॅड नव्हतं म्हणून मी बॉलपेनची रिफिल तिच्या अंगठ्यावर घासली. बोटं ओली होती, शाई धरेना. तिनं पदराला हात पुसला आणि म्हणाली, "अजून एकदा लाव, नीट उठला पायजे. नायतर म्हनतील, कोनाचा हाय."

कॉलेज सुटल्यावर तो कागद घेऊन मी ऑफिसात गेले. लगेच शिक्का मारायचा आणि वहीत ओळ लिहायची, एवढंच काम होतं. पण त्याच दुपारी आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, आलेले अर्ज मोठ्यानं वाचत होते. हा त्यांचा दुपारचा विरंगुळा होता. माणूस वाईट नव्हता. माझी परीक्षा असली की मला तास-दोन तास आधी सोडायचे. पण वेडंवाकडं लिहिलेला अर्ज मिळाला की त्यांना राहवायचं नाही.

"ऐका, ऐका. 'साहेब, आमच्या गल्लीत दिवा लावा, नायतर आमच्या म्हाताऱ्याला नवं डोळं लावा.' आता हे कुठल्या खात्याला पाठवू? आरोग्य का विद्युत?"

सगळे हसले. मीही हसले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय कॉलेजवाल्या बाई, तुमच्या हातात काय आहे?"

"काही नाही, नोट्स आहेत," मी म्हणाले.

इथून पुढचं लिहिताना अजूनही हात थांबतो. मला मावशीची लाज वाटली का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की नाही, मला तिची काळजी आहे. तिचं हसं होऊ नये म्हणून मी अर्ज शुद्ध भाषेत लिहून देईन, म्हणजे साहेब लोक तो नीट ऐकतील. पण खरं असं होतं की कागद माझ्या अक्षरात होता, आणि माझ्या अक्षरातलं 'ऱ्हात नाय' भाऊसाहेबांनी मोठ्यानं वाचलेलं मला सहन झालं नसतं. आमच्या घरीही आई 'न्हाय' म्हणते. ते त्या ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून मी फार जपून बोलायचे.

घरी मी कच्चा मसुदा लिहिला. 'सदरहू मोरीच्या उपरोक्त कठड्याचा वापर स्थानिक मत्स्यविक्रेत्या महिला करीत असून...' वाचून बघितलं तर त्यात मावशीची छाती नव्हती, पाटी नव्हती. दुसरा लिहिला. त्यात 'गैरसोय' हा शब्द तीनदा आला. तिसरा बरा झाला असं वाटलं, पण त्यावर नवा अंगठा हवा होता, आणि त्या आठवड्यात कॉलेजात चाचणी परीक्षा आली. मी सकाळी वेगळ्या वाटेनं जायला लागले, कारण मावशी विचारेल, दिलास का. मुदत शनिवारी संपली. सोमवारी मला ते आठवलं, म्हणजे मी सोमवारी ते आठवू दिलं. तरीही वेळ गेलेली नव्हती. उशिरा आलेला अर्ज भाऊसाहेब बऱ्याचदा घ्यायचे. "लोकांना कुठं कॅलेंडर असतं," म्हणायचे. नुसतं उठून त्यांच्या टेबलावर ठेवायचा होता. मूळ कागद अर्थशास्त्राच्या पुस्तकात होता आणि पुस्तक खुर्चीला अडकवलेल्या माझ्या पिशवीत.

सभा गुरुवारी झाली. विषय दहा एका सोसायटीचा होता. गेटसमोरचं गुलमोहराचं झाड रस्त्याच्या कामात जाणार होतं, आणि सोसायटीनं छापील कागदावर दोन ओळींची हरकत दिली होती. भाऊसाहेबांनी ती वाचली. सभापतींनी चहाचा घोट घेतला.

"काय म्हणतात? झाड ठेवा? ठेवा मग. गटार जरा वळवून घ्या. एवढं काय त्यात. पुढं."

मी लिहिलं : हरकत मान्य. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

"विषय अकरा. बोनकोडे मार्गावरील मोरीचे रुंदीकरण, जुना कठडा काढून पाइपचे रेलिंग बसवणे."

"हरकती?" सभापतींनी विचारलं.

भाऊसाहेबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. आवक वही माझ्या मांडीवर होती. पिशवी पायाशी होती. मला वाटतं मी तोंड उघडलंही.

"निरंक," मी म्हणाले.

"मंजूर," सभापती म्हणाले. एक सदस्य कुणालातरी सांगत होते, रेलिंगला पिवळा रंग द्या, रात्री गाड्यांना दिसतो. विषय बारा सुरू झाला. माझ्या टिपणात मात्र दहा आणि अकरा एकाखाली एक आहेत, आणि त्या दोन ओळींकडे बघितलं की आजही कळतं : कागद टेबलावर असता तर सभापती म्हणाले असते, ठेवा मग चार हात, एवढं काय त्यात.

घरी मी वडिलांना सांगितलं, पण अर्धंच. म्हणाले, त्या मावशीचा कठडा जाणार. त्यांनी जेवता जेवता घास खाली ठेवला.

"आरं देवा. मग ती वझं कुठं उतरणार?"

"कुणीतरी मदत करेल की."

"रोज कोण करंल?" ते म्हणाले. "पोतं वाहणं लई अवघड न्हाय पोरी. पाठीवर द्यायला माणूस पायजे आन टाकायला थप्पी पायजे. थप्पी न्हाय घावली की मान जाते. तुझ्या हापिसातली माणसं शिकलेली ना? त्यांना कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

मी ताटातलं संपवत राहिले. थप्पी म्हणजे पोत्यांची रास. तिच्यावर ते रोज ओझं टाकायचे. वीस वर्षं मी त्यांच्या मानेवरचा घट्टा बघत होते. हे मला त्यांनी सांगायची वेळ यायला नको होती.

अजून एक संधी होती, आणि ती मला माहीत होती. प्रत्येक सभेत पहिला विषय एकच असतो : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. तोवर चूक दुरुस्त करता येते. मी वाक्य पाठ केलं. 'साहेब, विषय अकरामध्ये एक हरकत मुदतीत आली होती, माझ्याकडून नोंदवायची राहिली.' पाठ करताना कळलं की हे बोलले तर रोजंदारी जाईल. कदाचित गेली नसती. भाऊसाहेब ओरडले असते, दोन दिवस हसले असते. पण मला नोकरी जाण्यापेक्षा त्या हसण्याची भीती होती की काय, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही.

"मागील इतिवृत्त कायम?" सभापतींनी विचारलं.

"कायम," सगळे म्हणाले.

मला वाटलं होतं मध्ये थोडी जागा असेल. नव्हती.

काम पावसाळ्याआधी उरकलं. मोरी खरंच छान रुंद झाली. पिवळं रेलिंग, दोन आडवे पाइप. कॉलेजला सुट्टी लागल्यावर एका सकाळी मी तिकडून गेले. मावशी मोरीच्या टोकाला पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. नुसती उभी. एक सायकलवाला गेला, दोन शाळकरी मुली गेल्या. मुलींना ती काहीतरी म्हणाली, त्या हसून पळाल्या. तिची मान ताठ होती आणि दोन्ही हातांनी ती कलणारी पाटी सावरत होती. मी धावत गेले आणि पाटीची एक कड धरली. मला ते जमेना. माझ्या बाजूनं पाटी कलली आणि खारं पाणी तिच्या खांद्यावरून ओघळलं.

"हलू, हलू गो. पोटाला लाव. आता बस खाली," तिनं सांगितलं, तशी आम्ही ती उतरवली.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग पाटीवरचं फडकं उचलून तिनं चार मोठ्या चिंबोऱ्या निवडल्या, नांग्या सुतळीनं बांधलेल्या, आणि माझ्यापुढे धरल्या.

"घे. तुजे आयला दे."

"नको मावशी, कशाला..."

"घे गो. तू लिवलास ना माजे साठी. त्यांनी नाय ऐकला, त्याला तू काय करशील? गरिबाचा कोन ऐकतो."

मी त्या घेतल्या. हे मला सांगायलाच हवं, मी त्या हातात घेतल्या आणि मान हलवली, जणू खरंच कुणी ऐकलं नव्हतं. आईनं खोबरं वाटून कालवण केलं. वडिलांनी वाटी पुसून खाल्ली. मी म्हणाले, पोट बिघडलंय.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी पुस्तकातून तो कागद काढला आणि बोनकोड्यात तिच्या घरी गेले. ती ओट्यावर जाळ्याचा तुकडा घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. अर्ज दिलाच नाही. माझ्याकडेच राहिला. तुमची भाषा... मी तो नीट लिहून देणार होते. वाक्यं एकमेकांत अडकत होती. ती जाळ्याच्या गाठी मारत राहिली. मला वाटलं ती शिव्या देईल. खरं तर मला त्या हव्या होत्या.

"कागूद हाय?" तिनं विचारलं.

मी दिला. तिनं आधी अंगठा बघितला, मग कागद परत माझ्या हातात ठेवला. "वाच."

मी वाचला. पाटी, कठडा, छाती, पायपावर ऱ्हात नाय, चार हात पुरे. वाचताना माझा आवाज ऑफिसातला राहिला नाही, राहूच शकत नव्हता.

ती ऐकत होती, तोंडानं धागा ओला करत. मग म्हणाली, "बरोबर हाय. मी हेच सांगलं व्हता." धागा दातानं तोडून तिनं विचारलं, "यान चुकीचा काय व्हता?"

मी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी तोच कागद आवक वहीत नोंदवला आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. तारीख त्या दिवसाचीच घातली. सांगूनही टाकलं की मुदतीत आला होता, मी दडवला. त्यांनी कागद दोनदा वाचला, मनातल्या मनात. हसले नाहीत. "आधी का नाही दिलास गं," एवढंच म्हणाले, आणि मला कामावरून काढलं नाही. पुढच्या सभेत तो विषय आला तेव्हा काम पुरं झालेलं होतं, ठेकेदार गेलेला होता. सभापती म्हणाले, "आता काय, झालं ना. दप्तरी दाखल." अर्जदाराला तसं कळवायचं पत्र लिहिणं माझंच काम होतं. 'सदर काम पूर्ण झाले असल्याने आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' लिहिलं, सही घेतली, आणि टपालात न टाकता स्वतःच घेऊन गेले.

ओट्यावर वाचून दाखवलं. तिला समजलं नाही म्हणून पुन्हा साध्या भाषेत सांगितलं : कठडा होणार नाही.

"ते मना ठाव हाय," ती म्हणाली.

दाराशी एक नवी पाटी होती, आधीच्या निम्मी. ती भरून डोक्यावर असली तरी एकटीला हळूहळू उकिडवं बसून खाली ठेवता येत होती. तिनं मला करून दाखवलं नाही. मीच नंतर मोरीवर बघितलं. पाटी निम्मी म्हणून खेपा दोन, खाडीपासून आमच्या वस्तीपर्यंत, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. त्यामुळे ती मला आता सकाळी दिसायची आणि दुपारी ऑफिसला जातानाही, उन्हात. मी दोन्ही वेळा हाक मारायचे. कधी ती ओ द्यायची, कधी नाही.